विमानाचे पंधरा तास, बसण्याचे पंचवीस

“डॉक्टर साहेब, पंधरा-सोळा तासाचं तं काम आहे. नुसतं बसूनच रायनं आहे,” किन्हीराजाचे एक काका परवा ओपीडीत म्हणाले. मुलगा न्यू जर्सीत, नात झालेली. काका-काकू पहिल्यांदाच निघालेले. काका इन्सुलिनच्या वेळा विचारायला आले होते. मला काळजी वाटली ती ‘नुसतं बसून’ या शब्दांची.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात. परतताना उंचावरचे पश्चिमेकडून येणारे वेगवान वारे पाठीशी असतात, म्हणून वेळ थोडा कमी. पण तिकिटावरचा हा हिशेब मुंबईकराचा. किन्हीराजाहून समृद्धी महामार्गाने गेले तरी मुंबईपर्यंत सात-आठ तास गाडीत. मग विमानतळावर तीन तास आधी. पायांच्या दृष्टीने हे सगळे एकच बसणे.

पोटरीचे स्नायू हा पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलणारा पंप आहे. चालले की तो चालतो. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसले की रक्त साचते आणि आतल्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो. विमानातच नव्हे, बस, रेल्वे, मोटारीतही. निरोगी माणसांत तरीही प्रमाण सहा हजारांत एक इतके कमी आहे. आधी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कॅन्सरचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, फार लठ्ठ व्यक्ती यांनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावेच.

काही वर्षांपूर्वी एक बाई परदेशातून आल्यावर आठवड्याने आल्या. डावी पोटरी सुजलेली. लचक समजून घरी रोज तेल लावून चोळत होत्या. डॉपलर तपासणीत गुठळी निघाली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी त्या बऱ्या झाल्या, पण त्या चोळण्याने काय झाले असते, हे आठवले की आजही धस्स होते. प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, दुखला तर चोळू नका, दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखले तर त्याच क्षणी.

काकांना सांगितले: मुंबईला जाताना दर दोन तासांनी पंपावर गाडी थांबवून चाला. विमानात तासा-दीड तासाने उठा, बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करा. पाणी पीत राहा. आतली हवा फार कोरडी असते. झोपेची गोळी नको. ‘रक्त पातळ व्हावे’ म्हणून मनाने ॲस्पिरिनही नको. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सामानाच्या कप्प्यात गोठू शकते. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, म्हणून वेळापत्रक कागदावर लिहून दिले.

काकूंची शंका वेगळीच होती. “सारखं सारखं उठलं तं शेजारचे काय म्हनतीन?”

म्हटले, काकू, खिडकी काकांना द्या, तुम्ही वाटेकडेची सीट घ्या. त्यावर काका म्हणाले, “मंग मले उठू कोन देईन?”

आता दोघांनीही वाटेकडेच्या, समोरासमोरच्या सीट मागितल्या आहेत.