गृहवनस्पतींची लोकनामे आणि मांजरांची सुरक्षितता

मांजर पाळलेल्या घरात कुंडीतील कोणती झाडे ठेवावीत, हा प्रश्न वरकरणी उद्यानविद्येचा अथवा पशुवैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचा एक महत्त्वाचा भाग भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. कारण रोपवाटिकेत जाणारा मनुष्य बहुधा झाड ओळखत नाही, तो त्याचे नाव ओळखतो आणि त्या नावावरून अनुमान करतो.

'लिली' हाच शब्द पाहावा. लिलियम आणि हेमेरोकॅलिस या दोन प्रजातींतील वनस्पती मांजराच्या मूत्रपिंडास अत्यंत घातक असतात. पान, फूल, परागकण, इतकेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीही पुरते; अंगावर सांडलेले पराग चाटून काढल्यानेही मांजर दगावू शकते. प्रथम काही तासांत वांती होते, नंतर बरे वाटल्याचा भास होतो, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडास असा अपाय होत नाही. यामागील नेमके विषद्रव्य अद्याप निश्चित झालेले नाही.

'पीस लिली' मात्र अळूच्या कुलातील आहे. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया हीही त्याच कुलातील. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सूच्याकार स्फटिक असतात. कच्च्या अळूने घसा कसा खवखवतो हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. मांजराचेही तेच होते. लाळ गळते, तोंड सुजते, परंतु सहसा प्राणावर बेतत नाही.

'नीलकमल' हे जसे कमळच, तशी 'पीस लिली' ही लिलीच, असे ऐकणारा समजतो. तो या शब्दाचा विग्रह कर्मधारयाप्रमाणे करतो. वस्तुतः येथील उत्तरपद जातिवाचक नसून केवळ सादृश्यवाचक आहे. या उदाहरणात गैरसमजाने फारसे बिघडत नाही, फार तर एक झाड अकारण टाळले जाते. 'सागो पाम'च्या बाबतीत हाच विग्रह जीवघेणा ठरतो. एरिका पाम मांजरास निरुपद्रवी आहे, म्हणून 'पाम' हे उत्तरपद विश्वास उत्पन्न करते. परंतु थुनबर्ग याने १७८२ मध्ये सायकस रेव्होल्यूटा असे नामकरण केलेली ही वनस्पती ताडकुलातील तर नाहीच, ती सपुष्पही नाही. ती प्रकटबीज आहे. तिच्यातील सायकॅसिन यकृताचा नाश करते आणि तिचे बी सर्वांत विषारी असते.

पूर्वपदही तितकेच फसवे असते. 'स्पायडर प्लांट' सुरक्षित आहे. पावसाळ्यात रानभाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या फोडशीच्याच, म्हणजे क्लोरोफायटम प्रजातीतील ते झाड. 'स्पायडर लिली' मात्र विषारी आहे.

मराठी नावे या दोषापासून मुक्त आहेत असे नाही, तथापि त्यांचा दोष निराळा आहे. 'कळलावी' हे नाव प्रसूतीच्या कळांशी निगडित असून वनस्पतीच्या उग्रतेची सूचना देते, आणि ती सूचना यथार्थ आहे. तिच्यात कोल्चिसिन असते. 'पानफुटी' हे नाव पानातून रोप फुटते एवढेच सांगते, तिच्या हृदयास बाधणाऱ्या द्रव्यांविषयी ते मौन पाळते. कोरफडीचे तर औषधी म्हणून इतके नाव झाले आहे की तिच्या चिकाने मांजरास वांती व अतिसार होतो, हे सांगितले तरी पटत नाही.

मांजर मांसाहारी असले तरी पाने चावणे हा त्याचा स्वाभाविक व्यवहार आहे. त्यासाठी कुंडीत गव्हाचे तृण वाढवावे. झाड उंचावर टांगण्याचा उपाय मनी प्लांटपुरता काहीसा ठीक. लिलीला तो लागू नाही, कारण पराग खाली पडतातच. खऱ्या लिली घरात न आणणे हाच उपाय. विकत घेताना द्विनाम विचारावे. लिनीअस याने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी सर्रास वापरलेली ती पद्धती विक्रेत्यास कंटाळवाणी वाटेल, परंतु तिचे पूर्वपद खरोखर प्रजातिवाचक असते.

मांजराने काही खाल्ल्याचा संशय आल्यास वांतीची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. लिलीच्या विषबाधेत पहिले काही तास निर्णायक असतात. जाताना झाडाचे नुसते नाव सांगू नये, त्याची फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी.