चालत्या इंजिनांची मोड

2009 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मोटारींचा खप पार बसला होता. जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या होत्या. सरकारने कर्जं दिलीच, शिवाय गिऱ्हाईक शोरूममध्ये यावं म्हणून योजना काढली: पेट्रोल पिणारी जुनी गाडी मोडीत द्या, नवीवर 3,500 किंवा 4,500 डॉलरची सूट घ्या. पहिले 1 अब्ज डॉलर आठवड्याभरात संपत आले, मग आणखी 2 अब्ज मंजूर झाले.

जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून डीलरने तिचं इंजिन निकामी करायचं. ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. उष्णतेने पाणी उडून जातं, काचेसारखा कठीण पदार्थ उरतो, बेअरिंग घासतात आणि काही मिनिटांत इंजिन जाम! धडधाकट इंजिनांची ही गत मला फार खटकते, कारण कमी पैशांत गाडी शोधणाऱ्यांच्याच वाट्याच्या त्या गाड्या होत्या.

सुमारे पावणेसात लाख गाड्या अशा मोडीत निघाल्या. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा दिसलं की सूट घेतलेले बरेच जण थोड्याच महिन्यांत तशीही गाडी घेणारच होते. योजना संपताच खप पुन्हा आपटला.