ऑपरेशन दर वेळी तिचंच का?

आपल्या वस्तीत "ऑपरेशन झालं का?" हा प्रश्न कुणाला विचारतात? बाईला. सासू विचारते, शेजारीण विचारते. आशाताई वही घेऊन येते तीही बाईलाच हाक मारते. घरातला पुरुष तिथेच बसलेला असतो, पण त्याला कुणी विचारत नाही आणि तोही मान वर करत नाही. मूल दोघांचं असतं. मग पाळणा थांबवण्याचं काम एकीच्याच अंगावर का?

हे फक्त आपल्या वस्तीचं चित्र नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. ज्यांच्या घरी नवऱ्याने नसबंदी केली, त्या फक्त ०.३ टक्के. म्हणजे हजार जोडप्यांत ३७९ घरी बाई टेबलावर झोपली आणि ३ घरी पुरुष. महाराष्ट्रात बाईच्या ऑपरेशनचं प्रमाण देशापेक्षाही जास्त, जवळपास निम्मं आहे. पुरुषांचं अर्धा टक्काही भरत नाही. याच पाहणीत देशातल्या ३५ टक्के पुरुषांनी मत दिलं की गर्भ राहू न देणं हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्याची काळजी करायची गरज नाही.

नर्स म्हणून मी अनेक वर्षं कुटुंबनियोजनाच्या वॉर्डात उभी राहिले. दोन्ही ऑपरेशनं जवळून पाहिली. म्हणून आधी साधी तुलना मांडते.

दोन ऑपरेशनं, दोन शरीरं

बाईच्या गर्भनलिका पोटाच्या आत असतात. तिथे पोचायचं तर पोट उघडावं लागतं किंवा छेद देऊन दुर्बीण आत घालावी लागते. आतडी, मूत्राशय, मोठ्या रक्तवाहिन्या शेजारीच असतात. बहुतेक वेळा सगळं नीट पार पडतं, पण धोका असतोच. त्यात आपल्या देशात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी. कुणाची दोन सिझरियन झालेली, कुणी बाळंतपणानंतर अजून सावरलेली नाही. निष्काळजीपणा झाला तर काय होतं हे छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसलं. एका दिवसात, काही तासांत ८३ बायांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यातल्या अनेक जणी दगावल्या. सगळ्या गरीब घरच्या. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

पुरुषाच्या शुक्रवाहिन्या मात्र पोटात नसतात. त्या अंडकोषाच्या पिशवीत, कातडीच्या लगेच खाली असतात. हाताला लागतात. तेवढ्या जागेला भुलीचं इंजेक्शन द्यायचं, कातडीला बारीकसं छिद्र करायचं, नळी बाहेर घेऊन कापायची, बांधायची आणि आत सोडायची. टाका नाही, पोटाला हात नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. थोडा वेळ बसायचं आणि आपल्या पायाने घरी जायचं. ही बिनटाक्याची पद्धत डॉ. ली शुनचियांग या चिनी डॉक्टरांनी १९७४ मध्ये शोधली आणि ती आपल्या सरकारी दवाखान्यांतही होते.

म्हणजे जे ऑपरेशन सोपं, स्वस्त आणि कमी जोखमीचं, तेच आपण करत नाही. अवघड असलेलं करतो, कारण ते बाईच्या वाट्याचं आहे.

"ताकद जाईल, मग पोरांना काय खायला घालू?"

हा प्रश्न मला हमालांनी, बिगाऱ्यांनी, सफाई कामगारांनी विचारला आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. ज्याचं पोट अंगमेहनतीवर आहे, त्याला अंगाचीच भीती वाटणार. म्हणून नीट समजून घेऊ.

पुरुषाची ताकद, दाढी-मिशी, आवाज, इच्छा हे सगळं अंडकोषात तयार होणाऱ्या हार्मोनमुळे असतं. हे हार्मोन शुक्रवाहिनीतून जात नाही, ते थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत रक्तवाहिनी कापत नाहीत. फक्त शुक्रजंतूंचा रस्ता बंद होतो. अंडकोष जागेवर राहतात, हार्मोन तसंच रक्तात जात राहतं.

संबंधाच्या वेळी वीर्य येतं का? येतं. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भागांइतकाच असतो. बाकीचं पाणी दुसऱ्या ग्रंथींमधून येतं. त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. अडलेल्या शुक्रजंतूंचं काय? ते साठून राहत नाहीत, शरीर त्यांना जिरवून टाकतं.

जड काम? दोन दिवस पूर्ण आराम. आठवडाभर ओझं उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही. त्यानंतर पूर्वीसारखं काम. रोजंदारीवर आठवड्याचा खाडा परवडत नाही हे मला माहीत आहे. पण बाईच्या ऑपरेशननंतर तिलाही आठवडाभर जड उचलू नको म्हणून सांगतात. ती चौथ्या दिवशी हंडा उचलते, धुणीभांडी करायला जाते. तिचा खाडा आपण कधी मोजलाच नाही.

दुखणं अजिबात नसतं, असंही मी सांगणार नाही. दोन-चार दिवस सूज येते, ठणकतं, कातडी निळी पडते. घट्ट चड्डी घातली की आराम पडतो. क्वचित आत रक्त साकळतं किंवा जंतुसंसर्ग होतो. शंभरात एखाद-दुसऱ्याला दुखणं बरेच दिवस राहतं. ताप आला, सूज वाढत गेली, पू आला तर घरात बसू नये, त्याच दवाखान्यात परत जावं.

तीन महिन्यांची गोष्ट, जी कुणी नीट सांगत नाही

हा भाग कात्रण काढून ठेवण्यासारखा आहे.

नसबंदी झाली म्हणजे त्याच दिवसापासून मोकळं झालो, असं नाही. कापलेल्या जागेच्या पुढच्या नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते निघून जायला तीन महिने लागतात. तोवर प्रत्येक वेळी निरोध वापरायचा किंवा बायकोने दुसरं साधन वापरायचं. तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करायची. त्यात एकही शुक्रजंतू नाही असा रिपोर्ट आला, तरच नसबंदी पूर्ण झाली. त्यानंतर प्रमाणपत्र मिळतं. ते मागून घ्यायचं.

हे न सांगितल्याने काय होतं, ते मी पाहिलं आहे. एका घरी नवऱ्याच्या नसबंदीनंतर दोन महिन्यांतच बायकोला दिवस गेले. घरात पहिला प्रश्न आला, "मूल कुणाचं?" तिला माहेरी धाडायची तयारी झाली. तिच्या बहिणीने आम्हाला गाठलं. नवऱ्याला समजावून तपासणी करून घेतली, तर वीर्यात शुक्रजंतू अजून होते. मूल त्याचंच होतं. तोवर त्या बाईने पंधरा दिवस जे ऐकलं, ते कोणत्या रिपोर्टने पुसायचं?

म्हणून भावांनो, लक्षात ठेवा. पुरुषाचं ऑपरेशन फसलं तरी शिक्षा बाईलाच होते. तपासणीचा कागद हा तिच्या अब्रूचा कागद आहे. तपासणीनंतरही हजारात एखाद्या वेळी नळी पुन्हा जुळते. बायकोची पाळी चुकली तर आधी स्वतःची तपासणी करा, तिच्याकडे बोट नंतर दाखवा, किंवा दाखवूच नका. सरकारी ऑपरेशन फसलं तर नुकसानभरपाईची योजना आहे. कागद जपून ठेवा आणि लगेच अर्ज करा.

भीती आली कुठून?

आपल्याकडचे पुरुष नेहमीच मागे होते, असं नाही. १९६० च्या दशकात देशात कुटुंबनियोजनाची बहुतेक ऑपरेशनं पुरुषांची होत. १९७१ च्या जुलैत केरळमधल्या एर्नाकुलमच्या एका शिबिरात ६० हजारांवर पुरुषांनी नसबंदी केली.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यातले सुमारे ६२ लाख पुरुष होते. कर्मचाऱ्यांना आकडे ठरवून दिले, पगार अडवले, आणि ते आकडे भरायला सापडली ती गरीब माणसं. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी राग काढला. त्यानंतर सरकारने पुरुषांचं नाव घेणं सोडलं आणि मोर्चा बायकांकडे वळवला. पुरुषांना मत होतं तसं बायकांनाही होतं, पण त्या नाही म्हणणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती सक्ती अन्यायच होती. तिची आठवण वस्तीत राहणं योग्यच आहे. पण त्या सक्तीचा राग आपण आपल्याच बायकांच्या अंगावर किती पिढ्या काढायचा?

बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा

संततिनियमनाचा विषय आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडलं. त्यातला एक मुद्दा आजही पुरुषांनी मनाशी घोळवावा असा आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर एका मुलानंतर त्याने दुसऱ्याचं नाव काढलं नसतं. ठराव नामंजूर झाला. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी जास्त मुलं होऊ न देण्याविषयी बायकांना बजावलं आणि नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहायला सांगितलं. बरोबरी म्हटली की ऑपरेशनच्या टेबलापर्यंत ती जायला हवी.

अजून मुलं हवी असतील तर

नसबंदी कायमची समजूनच करावी. नळी पुन्हा जोडता येते, पण यशाची खात्री नसते. ज्यांना अजून मूल हवं आहे किंवा ठरत नाही, त्यांनी निरोध वापरावा. १९६८ पासून सरकार निरोध पुरवतं आहे. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो, आशाताईकडेही असतो.

निरोध नेहमी आणि नीट वापरला तर वर्षभरात शंभर बायांमागे साधारण दोघींनाच दिवस जातात. लोक प्रत्यक्षात वापरतात तसा, कधी वापरून कधी विसरून, तर तेरा जणींना. तारीख बघा. पाकीट दाताने फाडू नका. पाकिटात किंवा मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवू नका. खोबरेल तेल, व्हॅसलिन लावू नका, रबर फाटतं. संबंधाच्या सुरुवातीपासून घाला आणि एकदाच वापरा. निरोधने एचआयव्ही आणि गुप्तरोगही टळतात, नसबंदीने टळत नाहीत. जे भाऊ कामासाठी महिनोन्‌महिने बाहेर राहतात, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. "मी वेळेवर सांभाळतो" या पद्धतीवर विसंबू नका. वर्षात शंभरपैकी वीस घरी ती फसते.

नसबंदी करायची असेल तर

• विवाहित असावं, वय ६० च्या आत. किमान एक मूल, एक वर्षापेक्षा मोठं. बायकोचं ऑपरेशन झालेलं नसावं.

• निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. सही मात्र तुमची आणि तुमच्या राजीखुशीची. दमदाटी करण्याचा किंवा सहीवाचून ऑपरेशन करण्याचा अधिकार कुणालाही नाही. फॉर्म वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

• साखर, हर्निया, अंडकोषात पाणी भरणं, तिथे गळू किंवा खाज, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांतलं काही असेल तर आधीच सांगा.

• सरकारी दवाखान्यात ऑपरेशन मोफत होतं, वर मोबदला मिळतो आणि तो पुरुषाला बाईपेक्षा जास्त असतो. चालू रक्कम आशाताईला विचारा. बँक पासबुक आणि आधार कार्ड सोबत न्या.

• दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर हा पुरुष नसबंदीचा पंधरवडा असतो. चौकशीला ही वेळ चांगली आहे, पण ऑपरेशन त्या पंधरवड्यातच व्हावं लागतं असं नाही.

• कुणी पुरुषांच्या नव्या इंजेक्शनचं आमिष दाखवलं तर भुलू नका. आयआयटी खरगपूरच्या डॉ. सुजॉय गुहा यांनी शोधलेल्या इंजेक्शनची चाचणी ३०३ पुरुषांवर झाली आणि निकाल चांगले आले. ते बाजारात येईल तेव्हा या पानावर नक्की लिहीन.

शेवटी एक काम सांगते. वस्तीत दोन-चार पुरुष तरी असे निघतील, ज्यांनी नसबंदी केली आहे आणि ते गप्प आहेत. त्यांनी आता बोलावं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर पुरुषांची अर्ध्या तासाची बैठक ठेवा, एखाद्या डॉक्टरला बोलवा आणि त्या भावाला शेजारी बसवा. त्याचं पाच मिनिटांचं बोलणं माझ्या या दोन पानांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.