केवळ जादा वेळ पुरेसा नाही
व्हाइटफील्ड, बंगळुरू : विद्यापीठांच्या परीक्षांत सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर विद्यार्थ्यांपुढील पहिली अडचण प्रश्नपत्रिकेच्या भाषेची असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतंत्र व्याकरण आहे. त्यामुळे इंग्रजी, कन्नड वा मराठी ही यांपैकी अनेकांची दुसरी भाषा ठरते.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थींना तीन तासांच्या लेखी परीक्षेसाठी किमान एक तास जादा देण्याची तरतूद करण्यात आली. मात्र, वेळ वाढल्याने न उमगलेला प्रश्न उमगत नाही. लेखनिक ऐकलेले उत्तर लिहितो. खुणांतून दिलेले उत्तर समजण्यासाठी दुभाषाच हवा. तोंडी परीक्षेत तर त्याला पर्याय नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या कर्णबधिर वकील सारा सनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीत सहभागी झाल्या. न्यायालयात जे शक्य झाले, ते परीक्षागृहातही शक्य आहे.