नवीन फोन घेतलाय? रिप्लेसमेंटची मुदत संपण्याआधी हे तपासा

जून २०१८ मध्ये भांडुपमधल्या एका हॉटेलचा सीसीटीव्ही व्हिडिओ व्हायरल झाला होता. जेवायला बसलेल्या माणसाच्या शर्टाच्या खिशातून अचानक धूर निघतो, तो घाईघाईने फोन काढून फेकतो आणि आजूबाजूचे लोक पळत सुटतात. असं क्वचितच घडतं. पण नव्याकोऱ्या वस्तूत छोटा-मोठा दोष निघणं काही दुर्मिळ नाही, आणि तो बऱ्याचदा पहिल्या काही दिवसांतच डोकं वर काढतो.

असं का होतं?

वस्तू बिघडण्याच्या प्रमाणाचा आलेख काढला तर तो बाथटबसारखा दिसतो: सुरुवातीला उंच, मधे सपाट आणि वस्तू जुनी झाली की पुन्हा चढता. इंजिनिअर त्याला 'बाथटब कर्व्ह' म्हणतात. कच्चं सोल्डरिंग, नीट न बसलेली केबल, बॅटरीतली चूक हे सगळं फॅक्टरीतूनच आलेलं असतं. वापर सुरू झाला, फोन तापला-थंडावला की ते उघडं पडतं.

सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये फोन बाजारात आला आणि दोनच आठवड्यांत कंपनीला तो परत मागवावा लागला. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद झालं. कंपनीने नंतर जाहीर केलेलं कारण असं: पहिल्या बॅटरीत कोपऱ्यातले इलेक्ट्रोड वाकलेले होते आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेल्डिंग सदोष होतं.

मग तपासायचं काय?

आधी स्क्रीन. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा असे फोटो फुल स्क्रीन उघडा. एखादा ठिपका रंग बदलत नसेल तर तो पिक्सेल गेलेला आहे. मग एखादा आयकॉन बोटाने धरून स्क्रीनभर फिरवा. ठरावीक जागी तो सुटत असेल तर तिथे टचची गडबड आहे. व्हॉइस रेकॉर्डरवर बोलून माइक आणि स्पीकर पाहा, दोन्ही सिमवरून कॉल करा. चार्जिंगची पिन लावून हलकेच हलवा. चार्जिंग चालू-बंद होत असेल तर पोर्ट सैल आहे.

आता खरा प्रश्न. दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा? सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलं उत्तर हमखास मिळतं: 'अपडेट टाका, ठीक होईल.' स्क्रीनवर रेघ दिसत असेल तर एक सोपी युक्ती आहे. स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या फोनवर पाठवून बघा. तिथे रेघ दिसली नाही, तर बिघाड जवळपास नक्कीच डिस्प्लेचा किंवा त्याच्या जोडणीचा, म्हणजे हार्डवेअरचा आहे. बाकी तक्रारींसाठी फोन सेफ मोडमध्ये चालवा. त्रास तरीही कायम राहिला तर बाहेरून टाकलेल्या ॲपचा दोष नाही.

गरम होण्याबद्दल मात्र लगेच घाबरू नका. पहिले एक-दोन दिवस फोन जुना डेटा उतरवतो, फोटो लावून घेतो, त्यामुळे तो तापतो आणि बॅटरीही भरभर उतरते. पण त्यानंतर, काही न करता टेबलावर पडलेला फोन एकाच जागी तापत असेल तर ते बरं लक्षण नाही. फोन सपाट टेबलावर डुगडुगतोय, स्क्रीनची कड उचलली गेलीय किंवा लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, तर बॅटरी फुगल्याची शक्यता आहे. अशा वेळी चार्जिंग ताबडतोब थांबवा. वस्तू दाबू नका, उघडू नका आणि खिशात घालून गर्दीच्या लोकलने तर मुळीच नेऊ नका.

पावसाळ्यात खरेदी केली असेल तर आणखी एक पथ्य. अनेक फोनमध्ये सिमच्या खाचेत ओलावा लागला की लाल होणारी खूणपट्टी असते. पाणी शिरल्याचं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा धरत नाहीत. त्यामुळे पहिल्याच दिवशी टॉर्च मारून तिचा फोटो काढून ठेवा. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओही असू द्या. रील म्हणून टाकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोष सापडला तर?

ऑनलाइन खरेदीत बदलून घ्यायची मुदत बऱ्याचदा ७ ते १० दिवसांचीच असते, नेमकी किती ते ऑर्डरच्या पानावर बघा. तोंडी तक्रार करू नका. ॲपमधून किंवा ईमेलने करा, दोषाचा व्हिडिओ जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. फोन सर्व्हिस सेंटरला दिलात तर जॉबशीट घ्या आणि त्यावर दोष तुमच्या शब्दांत लिहिलाय ना, ते वाचूनच सही करा.

दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं. त्यापुढचा टप्पा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग विक्रेता बेंगळुरूचा का असेना. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरकरांसाठी तो मुंबई उपनगर जिल्ह्याचा आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत आहे दोन वर्षांची, आणि बिल थर्मल कागदावर असेल तर तोवर त्यावरची शाई उडालेली असेल. आजच फोटो काढून ठेवा.