खोनोमा : शिकाऱ्यांच्या गावाने राखलेलं रान

नागालँडमधलं खोनोमा इतिहासाच्या पुस्तकात आलं ते लढाईमुळे. १८७९ साली इंग्रज अधिकारी डमंट या अंगामी नागांच्या गावाच्या वेशीवर मारला गेला, आणि गाव नमवायला इंग्रजी फौजेला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. अशा गावाने पुढे आपणहून बंदूक खाली ठेवली, ही गोष्ट मला त्या लढाईहून मोठी वाटते.

कोहिमापासून पश्चिमेला सुमारे २० किलोमीटरवर, बराईल डोंगररांगेत हे गाव आहे. शिकार इथे पोटासाठी होती, तशी मानासाठीही. १९९३ साली एका आठवड्यात सुमारे ३०० ट्रॅगोपान मारले गेल्याचं सांगतात. ब्लिथ्स ट्रॅगोपान हा तित्तिराच्या कुळातला, दाट डोंगरी जंगलात राहणारा पक्षी. नराची मान लालभडक, चेहऱ्याची उघडी कातडी पिवळी. जगभरात तो थोडाच उरला आहे. त्सिलिए साख्रिए यांच्यासारख्या गावातल्याच माणसांनी शिकारबंदीचा विषय काढला तेव्हा विरोध झाला, आणि तो साहजिकच होता. वाडवडिलांपासून चालत आलेली गोष्ट सोडायची कशी? वाद वर्षानुवर्षं चालला. अखेर १९९८ साली ग्रामसभेच्या संमतीने सुमारे २० चौरस किलोमीटरचं अभयारण्य ठरलं. शिकार, लाकूडतोड, वणवा लावणं बंद झालं. मोडेल त्याला दंड. राखण गावातलीच पोरं करतात.

हे जमलं, कारण जंगल गावाचंच आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१-अ मुळे नागालँडमध्ये जमिनीच्या मालकीबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या ठरावाशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळायला २००९ साल उजाडलं. ज्याचं रान, त्यालाच ते राखायची खरी निकड असते, यावर माझा तरी विश्वास बसला आहे.

पण खोनोमा नीट बघायचं तर अभयारण्याच्या आधी उतारावरच्या शेतात थांबावं. तिथे आल्डरची झाडं उभी आहेत, पुरुषभर उंचीवर छाटलेली. वर्षानुवर्षांच्या छाटणीने बुंध्याचा माथा गाठी येऊन आवळलेल्या मुठीसारखा झालेला, आणि त्यातून सरळसोट कोवळे फुटवे वर निघालेले. झाड मुळापासून कधी तोडत नाहीत. छाटलेल्या फांद्या सरपणाला जातात, डहाळ्या-पाला शेतातच जाळतात, आणि मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. दोन वर्षं पीक घ्यायचं, मग जमिनीला विसावा द्यायचा. तेवढ्यात फुटवे पुन्हा वाढतात. हीसुद्धा फिरती शेतीच. फिरती शेती म्हणजे जंगलाचा नाश, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा उतार जरूर बघावा.

पुढे सरकारने हरित गाव म्हणून निधी दिला, वाटा बांधल्या गेल्या, घरोघरी पाहुण्यांची सोय झाली. ट्रॅगोपान मात्र सहसा दिसत नाही. तो दिसेलच, या हट्टाने जाऊ नये.

जाणार असाल तर नागालँडचा इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, आधी काढा, गावाचं प्रवेशशुल्क भरा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि मुक्काम गावातल्याच घरी करा. रान राखणाऱ्यांच्या हाती चार पैसे पडले पाहिजेत.