केसी-१३५ : जुना सांगाडा, नवे इंजिन

विमानाचा सांगाडा आणि त्याचे इंजिन यांचे आयुष्य सारखे नसते. नीट देखभाल झालेला सांगाडा पन्नास-साठ वर्षे उडू शकतो, परंतु इंधनाचा खर्च, आवाज आणि धूर यांच्या हिशेबात इंजिन त्याच्या कितीतरी आधी जुनाट ठरते. अशा वेळी विमान मोडीत न काढता त्याला नवे इंजिन बसवण्याचा मार्ग उरतो, आणि या मार्गाचे सर्वांत भरीव उदाहरण म्हणजे उडत्या विमानांना आकाशातच इंधन पुरवणारे अमेरिकी हवाई दलाचे केसी-१३५ हे बोइंग विमान होय.

ऑगस्ट १९५६ मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाला प्रॅट अँड व्हिटनीची चार जे-५७ टर्बोजेट इंजिने होती. इंधनाने भरलेले जड विमान उचलण्यास त्यांची ताकद अपुरी पडे, म्हणून उड्डाणाच्या वेळी इंजिनात पाणी फवारले जाई. पाण्याच्या बाष्पीभवनाने आत येणारी हवा थंड आणि दाट होते, तिचे वस्तुमान वाढते आणि टर्बाइनची पाती न वितळवता अधिक इंधन जाळता येते. त्यासाठी क्षार काढून टाकलेले सुमारे अडीच हजार लिटर पाणी विमानात भरलेले असे आणि ते दोनेक मिनिटांत संपून जाई. तेवढ्या अवधीत काळ्या धुराचे लोट सोडत विमानाने पुरेसा वेग आणि उंची गाठलीच पाहिजे, अन्यथा पाणी संपताच घटणाऱ्या जोरावर ते तोलून धरणे वैमानिकाला अवघड होई.

या उधळपट्टीचे मूळ टर्बोजेटच्या रचनेतच होते. या इंजिनात शिरलेली सगळी हवा ज्वलनकक्षातून जाते आणि अतिवेगवान झोताच्या रूपाने मागे फेकली जाते. विमानाला मिळणारा रेटा हवेचे वस्तुमान आणि तिला दिलेला वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. त्यासाठी खर्ची पडणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने ढकलणे किफायतशीर ठरते, आणि टर्बोफॅन नेमके हेच करते. त्याच्या तोंडाशी असलेला मोठा पंखा बहुतांश हवा ज्वलनकक्षाला वळसा घालून मागे पाठवतो. वळसा घालणाऱ्या आणि गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या प्रमाणाला बायपास गुणोत्तर म्हणतात. झोताचा आवाज त्याच्या वेगाच्या सुमारे आठव्या घाताने वाढत असल्यामुळे वेग थोडा उतरला तरी कानांना मोठा दिलासा मिळतो.

केसी-१३५ साठी निवडलेले सीएफएम-५६ हे इंजिन अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेक्मा यांनी मिळून घडवले होते. त्याचे बायपास गुणोत्तर सहाच्या आसपास होते, पण १९७९ च्या आरंभापर्यंत त्याला एकही गिऱ्हाईक मिळाले नव्हते आणि प्रकल्प गुंडाळण्याची वेळ आली होती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये युनायटेड, डेल्टा आणि फ्लाइंग टायगर या कंपन्यांनी आपल्या जुन्या डीसी-८ विमानांसाठी ते पसंत केले, आणि पाठोपाठ हवाई दलाचीही मागणी आली. बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० यांच्यामुळे पुढे जगभर पोहोचलेल्या या इंजिनाला पहिला आधार जुन्या विमानांनीच दिला, ही गोष्ट विमानविद्येच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली गेली पाहिजे.

इंजिनबदल म्हणजे चार खिळे काढून चार ठोकणे नव्हे. नवे इंजिन रुंद आणि जड असल्याने ते पंखाला जोडणारे खांब नव्याने घडवावे लागले, विमानाचे कमाल उड्डाणवजन सुमारे १३५ टनांवरून १४६ टनांवर गेल्याने चाकांची यंत्रणा भक्कम करावी लागली, आणि इंजिने झटपट सुरू व्हावीत म्हणून दोन साहाय्यक शक्तिसंच बसवावे लागले. पंखांच्या खालच्या बाजूचे पत्रे बदलण्याचा वेगळा कार्यक्रमही राबवला गेला. तो झाला नसता तर नव्या इंजिनांवरचा खर्च वायाच गेला असता. केसी-१३५ आर या नावाने १९८४ पासून दाखल झालेली ही विमाने, हवाई दलाच्या आकडेवारीनुसार, मूळ विमानापेक्षा २५ टक्के कमी इंधन जाळतात आणि ५० टक्के अधिक इंधन इतरांना देऊ शकतात. चारशेहून अधिक विमानांचा असा कायापालट झाला.

मात्र प्रत्येक सांगाड्याला मोठा पंखा मानवतोच असे नाही. बी-५२ या बॉम्बफेकी विमानाला आठ इंजिने असून त्यांच्या जागी चार मोठी टर्बोफॅन बसवण्याचा विचार अनेकदा झाला. परंतु तसे केल्यास पंख जमिनीला जवळ असल्याने इंजिनाखाली अंतर कमी उरते, आणि उड्डाणात एक इंजिन बंद पडले तर एका बाजूला ओढल्या जाणाऱ्या विमानाला सरळ ठेवणे त्याच्या सुकाणूला झेपत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२१ मध्ये, शेवटचे बी-५२ कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, हवाई दलाने रोल्स-रॉइसचे एफ-१३० हे खासगी जेट विमानांच्या आकाराचे इंजिन निवडले, आणि प्रत्येक विमानावर ती पूर्वीप्रमाणे आठच बसवायची ठरली.